दारात नेमकं कोण उभं होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कादंबरी लिहिताय. आई गेल्यावर पन्नाशीतली नायिका तिचं घर आवरायला येते, एकेक वस्तू हातात घेते आणि तिला जुनं आठवत जातं. ज्यांनी खर्डा वाचला ते म्हणाले, भाषा चांगली आहे, पण आठवणींची प्रकरणं आली की कादंबरी जागच्या जागी थांबते. म्हणून तुम्ही विचारलंय: कथा-कादंबरी स्मृती आणि ओळख यांचा शोध घेते असं सगळे म्हणतात, तर ती प्रत्यक्षात करते काय?

कथा-कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांवर काम करण्यात माझी वीसहून जास्त वर्षं गेली. तुमच्यासारखा खर्डा दर वर्षी दोन-तीनदा तरी हातात येतो, आणि अडचण बहुतेक वेळा एकच असते. लेखक आठवणीला कोठीची खोली समजतो. पात्र आत जातं, हवी ती वस्तू उचलतं, बाहेर येऊन वाचकाला दाखवतं. वस्तू सुंदर असते, पण ती बाहेर आणल्याने कुणाचं काही बिघडत नाही की सुधारत नाही. आठवणीतला मजकूर भूतकाळातला असला तरी आठवण्याची क्रिया आज घडत असते. आज त्या पात्राला काहीतरी हवं असतं, काहीतरी टाळायचं असतं, कुणासमोर तरी उभं राहायचं असतं, म्हणून ती आठवण या घडीला आणि या रूपात वर येते. ती गरज लिहिली की माणूस दिसतो. तिच्यासाठी आठवणीत केलेली काटछाट लिहिली की त्याची ओळख दिसू लागते.

हे आपल्या भाषेला आधीच ठाऊक आहे. आठवण येते, आठवण होते, आठवण काढतो, आठवण ठेवतो, आठवण करून देतो. येते ती न बोलावता. काढतो तिला कष्ट असतात, आणि बहुधा सोबत कुणीतरी असतं. ठेवतो तिच्यात जबाबदारी असते. करून देतो तिच्यात कधी माया असते, कधी धमकी. तुमच्या खर्ड्यात नायिकेला आठवणी फक्त येतात. साडी दिसली, आठवण आली. पेटी उघडली, आठवण आली. अख्ख्या कादंबरीत ती एकदाही मुद्दाम आठवण काढत नाही, आणि तिला कुणी ती करून देत नाही. वाचकाला थांबल्यासारखं वाटतं ते यामुळे.

एक उदाहरण जवळून दाखवते. एका कार्यशाळेत मी एक सराव द्यायची: एकच आठवण तीन जणांना सांगा. एकदा जो त्या वेळी हजर नव्हता त्याला, एकदा जो हजर होता त्याला, आणि एकदा ज्याच्यावर तिचा परिणाम होणार आहे त्याला. वर्गासमोर करून दाखवायला मी तेव्हा एक बाई कल्पिली होती. तिच्या लहानपणी वडील घर सोडून गेले. नव्याने ओळख झालेल्या, आवडू लागलेल्या माणसाला ती सांगते:

‘मी दारात उभी होते. पहाट होती. बाबांनी बॅग उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. मी रडले नाही. तेव्हापासून कुणी जायला निघालं की मी रडत नाही.’

शेवटचं वाक्य बघा. ही सगळी आठवण त्या वाक्यासाठी काढलेली आहे. ती स्वतःची ओळख करून देतेय: मी खंबीर आहे, कुणीही मला सोडून जाऊ शकतं. समोरच्याला हा दिलासा आहे आणि इशाराही. आता तीच आठवण ती भावासमोर काढते. आई गेल्यानंतरचे दिवस आहेत, दोघं दमलेली आहेत, कागदपत्रांचा ढीग पडलाय. ती म्हणते, ‘त्या पहाटे मी दारात होते, तू आत झोपला होतास.’ भाऊ मान वर न करता म्हणतो, ‘दारात मी होतो. तू झोपली होतीस. मी परत पांघरुणात शिरलो तेव्हा पाय गार लागले म्हणून तू जागी झालीस. मग मी तुला सगळं सांगितलं.’

ती हसते, वाद घालते, म्हणते, ‘मला बॅग दिसते अजून.’ भाऊ म्हणतो, ‘मीच सांगितलं होतं तुला बॅगेचं.’ आणि उठताना तो हातातली फाईल उजव्या हातातून डाव्या हातात घेतो.

इथे काय झालं? वडील गेले ही घटना जशीच्या तशी आहे, नवी माहिती फारशी मिळालेली नाही. पण चाळीस वर्षं ही बाई ‘दारात न रडता उभी राहिलेली मुलगी’ म्हणून जगली. त्या मुलीच्या भरवशावर तिने माणसं जोडली, तोडली. आणि दारात ती नव्हतीच. मग आजवर ती कोण होती? भाऊ तरी कोण, ज्याने आपला सगळ्यात मोठा प्रसंग बहिणीला देऊन टाकला आणि चाळीस वर्षं परत मागितला नाही? तिसऱ्यांदा ती हे आपल्या तरुण मुलीला सांगते तेव्हा काय सांगेल? ‘मी उभी होते’ म्हणेल, की ‘मामा उभा होता’? त्या एका क्रियापदाच्या रूपात ती कोण आहे हे ठरणार आहे.

कथा स्मृती आणि ओळखीचा शोध घेते तो अशा ठिकाणी. एका आठवणीचे दोन पाठ, म्हणजे दोन वेगळी कथनं, एकमेकांसमोर येतात, आणि त्यांच्या मधल्या फटीत माणूस दिसतो. दोन्हींतला खरा कुठला, हे सांगून टाकायची कादंबरीला घाई नसावी. मला विचाराल तर भावाचाही पाठ पूर्ण खरा मानू नका. त्यालाही त्या दारात उभं राहायची गरज असू शकते.

हे केवळ लेखकी कौशल्य आहे असं वाटत असेल तर दोन प्रयोग सांगते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली आणि नंतर गाड्यांचा वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना त्याच जागी जास्त जोरकस क्रियापद वापरून विचारलं, ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचं. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. साधं क्रियापद ऐकलेल्या 50 जणांपैकी 7 जण ‘हो’ म्हणाले, जोरकस ऐकलेल्या 50 पैकी 16. एका क्रियापदाने काचा फोडल्या. लिहिणाऱ्या माणसाने हा प्रयोग विसरू नये, कारण आपल्या हातात क्रियापदंच असतात.

दुसरा प्रयोग त्याच्याही आधीचा. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 सालच्या पुस्तकात मांडला. इंग्लंडमधल्या वाचकांना त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि मग काही काळाच्या अंतराने पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. दर खेपेला कथा लहान होत गेली, तिच्यातलं विचित्र वाटणारं गळत गेलं आणि ती सांगणाऱ्याच्या ओळखीच्या जगासारखी होत गेली. मूळ कथेतली कनू, म्हणजे वल्ह्यांची निमुळती होडी, पुढे नुसती होडी झाली. आठवणारा माणूस आठवणीला आपल्यासारखं करून घेतो. म्हणून एखाद्याची आठवण नीट वाचली तर घटनेपेक्षा त्या माणसाबद्दल जास्त कळतं.

आता मराठीत लिहिताना हाती असलेल्या एका मोठ्या सोयीबद्दल. ‘मला आठवतं’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. ‘मला भूक लागली’, ‘मला भीती वाटली’ याच घडणीचं ते वाक्य आहे. आठवणं माझ्यावर घडतं. ‘मी आठवून पाहिलं’ म्हणताच मी कर्ता होतो. तसंच ‘मी विसरले’ आणि ‘मला विसर पडला’. पहिल्यात कबुली आहे, दुसऱ्यात सुटका. पात्र कुठल्या क्षणी एका रचनेवरून दुसरीवर जातं, तिकडे लक्ष ठेवा. माझ्या अनुभवात चांगल्या संवादातला अपराधभाव बऱ्याचदा इथेच लपलेला असतो.

विसर पडण्याची सुटका आपल्या परंपरेतल्या सर्वांत प्रसिद्ध विस्मृतिकथेत आहे. महाभारतातल्या आदिपर्वात दुष्यंताला सगळं आठवत असतं. शकुंतला दरबारात येते तेव्हा तो तिला जाणूनबुजून नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर कबूल करतो की मला ठाऊक होतं, पण लोक शंका घेतील म्हणून तसं बोललो. त्या कथेत शाप नाही, अंगठी नाही. हे दोन्ही कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नाटकात आहे. राजाला खोटेपणातून सोडवण्यासाठी विसर पाडणारा दुर्वासांचा शाप आला असं म्हणून बरेच जण थांबतात. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला हंसपदिका या राणीचं गाणं ऐकून राजा कारण नसताना व्याकूळ होतो. प्रिय माणसाचा विरह नसताना हे काय होतंय, हे त्याला कळत नाही. त्याला वाटतं, मागच्या जन्मातलं काही मनात हलत असावं. आठवण गेली आहे, पण तिने सोडलेली कळ जागच्या जागी आहे. प्रेक्षकाला कारण माहीत आहे, राजाला नाही. आणि सहाव्या अंकात अंगठी मिळाल्यावर आठवण परतते तेव्हा माणूस हातचा गेलेला असतो. राजा शकुंतलेचं चित्र काढून त्या चित्रातल्या भुंग्याला रागावत बसतो. शीर्षकातल्या ‘अभिज्ञान’ या शब्दाचा अर्थच ओळख, ओळखीची खूण. विस्मृती असलेली कथा लिहायची असेल तर मी नेहमी हेच सुचवते: माणूस काय विसरला याच्या यादीत गुंतू नका, विसरल्यावरही त्याच्यात काय उरलंय ते शोधा.

हे उरणं शरीरातही असतं. 1953 साली हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या माणसावर अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी, मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर 2008 साली त्याचा मृत्यू होईपर्यंत त्याला नव्या घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत. संशोधनात तो ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनीच ओळखला जाई. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण हे आपण आधी केलंय याची त्याला काहीच आठवण नव्हती. हाताला माहीत, माणसाला नाही. तुमच्या नायिकेची आई शेवटच्या दिवसांत मुलीला ओळखत नव्हती, असं खर्ड्यात एका ओळीत येऊन जातं. त्या दिवसांत आईचे हात काय करत होते? पदर सारखा करत होते? कुणाची वेणी घातल्यासारखी बोटं हलत होती? ती ओळ उघडून एक प्रसंग करा.

स्मृतिभ्रंशाबद्दल आणखी थोडं, कारण इथे चुका फार होतात. बहुतेकांत आधी अलीकडचं पुसट होतं, जुनं बराच काळ टिकतं. म्हणजे अशी बाई कोरी पाटी होत नाही. तिच्यासाठी ती बऱ्याचदा अजून तरुण असते, समोरची पन्नाशीतली बाई तिला परकी वाटते, कारण तिच्या मनातली मुलगी नऊ वर्षांची आहे. डोक्याला मार लागून नाव-गाव विसरलेला आणि पुन्हा मार लागून सगळं आठवलेला नायक कथेत अजूनही येतो. तो आला की मी हस्तलिखित परत करते.

ओळखीकडे वळते. ‘ओळख’ हा शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो: माझी त्यांची ओळख आहे, मी त्यांना ओळखलं, माझी ओळख काय. पहिल्या दोन्हींना दुसरा माणूस लागतो. तिसरीला लागत नाही असं आपण धरून चालतो, आणि कादंबरी नेमकी तिथे बोट ठेवते. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी आपल्या ग्रंथाच्या 1694 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत याविषयी एक प्रकरण घातलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की जिथवर माझी जाणीव मागे पोहोचते तिथवर मी तोच माणूस. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात गेली तर तो माणूस राजपुत्रच. स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीड यांनी 1785 साली याला गोष्टीनेच उत्तर दिलं. लहानपणी फळं चोरल्याबद्दल मार खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी होतो आणि शत्रूचं निशाण पकडतो. म्हातारपणी तो सेनापती असतो. अधिकाऱ्याला मार आठवतो, सेनापतीला निशाण आठवतं, पण मार अजिबात आठवत नाही. मग सेनापती आणि तो मुलगा एकच की दोन?

तत्त्वज्ञांनी यावर पुष्कळ लिहिलंय. मला कथाकार म्हणून एवढं दिसतं की सेनापती तो मार विसरला असेल, पण त्याच्या बहिणीला तो आठवत असेल. ज्या वयाची आपल्याला काहीच आठवण नाही त्या वयाचे आपण दुसऱ्यांच्या आठवणीत जगत असतो. आपलं पहिलं पाऊल आपल्याला आठवत नाही, आईला आठवतं. आई जाते तेव्हा त्या पावलाचा शेवटचा साक्षीदार जातो. तुमची नायिका घर आवरायला आलीय ती आईच्या वस्तूंसाठी, असं तुम्ही धरलंय. मला वाटतं ती स्वतःची पहिली पाच-सहा वर्षं शोधायला आलीय, आणि तिला ते अजून माहीत नाही. पूर्ण खर्ड्यात ही कादंबरी आपोआप या दिशेला सरकतेय. तुम्ही तिला दर वेळी ओढून साडीवर, पेटीवर आणता.

आता लिहिण्याच्या पातळीवरचं. आठवणीच्या प्रकरणात तुम्ही सगळीकडे एकच भूतकाळ वापरलाय: आई आली, बसली, म्हणाली. घडतानाच बघतोय असा तो काळ आहे. ‘आई यायची, बसायची, म्हणायची’ केलं की अनेक दिवसांचा एक दिवस होतो. यात प्रेम असतं, पण पुरावा नसतो, कारण असा नेमका एक दिवस नव्हताच. ‘आई आली असावी’ म्हटलं की सांगणारी तिथे नव्हती हे कळतं. ‘आई आली म्हणे’ म्हटलं की कुणाकडून तरी ऐकलंय, आणि त्याच्यावर पूर्ण विश्वास नाही. मघाच्या दाराच्या उदाहरणात भावाशी बोलणं झाल्यावर ती बाई स्वतःशीच पुन्हा आठवते तेव्हा एवढंच बदलायचं: ‘बाबांनी बॅग उजव्या हातातून डाव्या हातात घेतली म्हणे.’ या एका ‘म्हणे’मध्ये तिने दार भावाला परत दिलं. त्याच्यावर भाष्य करणारा परिच्छेद लिहायची गरज उरत नाही, आणि लिहिलात तर कृपया काढून टाका.

तीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दन् शब्द अवतरणचिन्हांत देऊ नका. माणसाला एखादं वाक्य लख्ख आठवतं, पुढचं-मागचं धूसर असतं. एकच वाक्य लख्ख ठेवा, वाचकाला आपोआप कळेल की ते का टिकलं. वास आला आणि सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं, हेही एका कादंबरीत एकदाच पुरे.

सांगणाऱ्याची चूक कशी वापरावी याचा माझ्या वाचनातला सर्वांत सुंदर नमुना काझुओ इशिगुरो यांच्या 1989 सालच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या कादंबरीत आहे. म्हातारा होत चाललेला बटलर, म्हणजे मोठ्या घरातला मुख्य नोकर, स्टीव्हन्स सांगतो की एकदा तो त्याच घराची व्यवस्था बघणाऱ्या मिस केंटनच्या खोलीच्या बंद दारापाशी उभा होता आणि आत ती रडत असणार याची त्याला खात्री होती. तो हा क्षण तिला आईसारख्या असलेल्या नातेवाईक बाईच्या निधनाशी जोडतो. बऱ्याच पानांनंतर तो शांतपणे म्हणतो की माझी थोडी गफलत झाली, ते वेगळ्या संध्याकाळी घडलं. ती संध्याकाळ म्हणजे तिने दुसऱ्याशी लग्नाला होकार दिल्याचं त्याला सांगितलं ती. तिच्या रडण्याला त्याच्याशी काही देणं-घेणं नसेल अशी जागा त्याच्या स्मृतीने शोधून दिली होती. आपलं तिच्यावर प्रेम होतं हे तो मोकळेपणाने कबूल करत नाही. तारखेची दुरुस्ती करतो, आणि वाचकाला सगळं कळतं. आठवण कुठे ठेवली जाते, यातही माणसाची ओळख असते.

तुमच्या खर्ड्याबद्दल शेवटचं. कपाटाचं प्रकरण सहा वस्तूंचं आहे, त्यातल्या चार काढा. उरलेल्या दोनपैकी एकीची आठवण नायिकेला तिच्या धाकट्या बहिणीसमोर काढू द्या आणि बहिणीला ती वेगळी आठवू द्या. बहीण सध्या तुमच्या कादंबरीत फक्त फोनवर आहे, तिला घरात आणा. दुसरी वस्तू अशी असू दे की तिच्याबद्दल नायिकेला काहीच आठवत नाही. लहान मुलाचा एक मोजा, समजा. आईने तो पन्नास वर्षं कापडात गुंडाळून जपला. तो नायिकेचा असेल, बहिणीचा असेल, किंवा दोघींना कधीच न सांगितलेल्या तिसऱ्या कुणाचा असेल. विचारायला आता कुणी नाही. बहीण म्हणते, ‘टाकायच्या ढिगात टाकू?’ नायिका काय म्हणते हे मला माहीत नाही, तुम्हालाही अजून नसावं. तो प्रसंग आधी लिहा, बाकीची प्रकरणं त्यानंतर उघडा.